पोसणें वेगळें, देणें वेगळें

आमच्या घरीं भाऊबीजेचा एक ठरलेला क्रम असे. दोघी आत्या माहेरीं येत, रांगोळी घालून पाट मांडीत आणि निरांजन लावून वाट पाहत उभ्या राहत. प्रथम माझे वडील पाटावर बसत. त्यांच्यामागून आमचे धाकटे काका. काका दृष्टिहीन. चौथ्या वर्षीं त्यांना गोंवर आला आणि जातांना तो दोन्ही डोळे घेऊन गेला. काकांना ओवाळून झालें कीं वडील हलकेच पुढें होत व त्यांच्या तळहातावर घडी घातलेली एक नोट ठेवीत. काका तबकाची कड बोटांनीं चाचपून काढीत आणि नोट तबकांत टाकीत. आत्या त्यांच्या मस्तकावर अक्षता टाकीत, काका हसत, आणि आम्हां मुलांचें लक्ष फराळाकडे वळे. ह्या प्रसंगांत कांहीं उणें आहे असें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. मोठ्यांच्याही आलें नसावें.

२०२२ सालच्या भाऊबीजेस काकांनीं नोट हातांत घेतली, पण ती तबकांत टाकली नाहीं. ती वडिलांच्या दिशेनें परत पुढें करून ते अगदीं शांतपणें म्हणाले, "दादा, मला साठ वर्षें झालीं. बहिणींना आजवर तूंच दोनदां ओवाळणी घातलीस, एकदां तुझ्या हातानें आणि एकदां माझ्या. मीं एकदांही घातली नाहीं."

कोणी कांहीं बोललें नाहीं. धाकट्या आत्याच्या हातांतलें तबक मात्र थरथरलें. वडिलांनीं, "वेडा आहेस, माझें तें तुझें नव्हे काय?" असें म्हणून वेळ मारून नेली, नोट तबकांत पडली, आणि सण पार पडला. परंतु काकांचें तें वाक्य घरांतून गेलें नाहीं.

वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असें एखादें माणूस असेल. माजघराच्या कोपऱ्यांतील खाट ज्यांची म्हणून ओळखली जाते असे एखादे काका, लग्न न झालेली एखादी आत्या, बोलतां न येणारा एखादा भाचा. एकत्र कुटुंबानें अशा माणसाला टाकलें नाहीं, ही आपल्या समाजाची मोठी पुण्याई होय. २०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २ कोटी ६८ लक्ष आणि एकट्या महाराष्ट्रांत २९ लक्ष ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. इतक्या लोकांचा सांभाळ मुख्यतः घरांनींच केला आहे, संस्थांनीं नव्हे.

आम्हीं तरी काकांना काय कमी केलें होतें? त्यांचें ताट पहिल्या पंगतीला वाढलें जाई. थंडीच्या आधीं त्यांची नवी शाल घरांत येई. दुखलेंखुपलें तर वैद्य-डॉक्टर दारांत उभे असत. आणि काकांनींही घरचें अन्न फुकट खाल्लें असें नव्हे. घरांतील सातही मुलांचे पाढे त्यांनींच करून घेतले, आणि तेही पावकी-निमकीसह. अंधशाळेंत दोन वर्षें शिकलेल्या वेतकामाच्या बळावर घरांतली प्रत्येक खुर्ची त्यांनीं विणली. परंतु एवढ्या काळांत त्यांच्या खिशांत त्यांचा म्हणावा असा एक रुपया नव्हता, आणि ही गोष्ट आम्हांपैकीं कोणासही खटकली नव्हती. पोसणें आणि देणें ह्या दोहोंत अंतर आहे, तें आम्हांस त्या भाऊबीजेस प्रथम दिसलें. तेंच येथें मांडावयाचें आहे.

कचेरींतील एक सकाळ

अपंग व्यक्तींस सरकारकडून दरमहा कांहीं रक्कम मिळते, इतकें मी ऐकून होतों. ती काकांस मिळवून दिली म्हणजे त्यांची खंत दूर होईल, असें मीं ठरविलें. वडिलांना हा विचार रुचला नाहीं. "आपण काय भिकेला लागलों आहोंत? आपल्या घराण्यानें सरकारचा एक पैसा कधीं घेतला नाहीं," असें ते म्हणाले. काका मात्र म्हणाले, "जाऊन तर येऊं."

पहिली पायरी दाखल्याची. काकांजवळ एक जुना कागदी दाखला होता. पण २०२१ च्या जूनपासून हे दाखले 'स्वावलंबन' ह्या सरकारी संकेतस्थळावरून द्यावयाचे असा नियम झाला असून, त्याबरोबर प्रत्येकास देशभर चालणारें एक ओळखपत्र मिळतें. अर्ज घरीं बसून भरतां येतो. तपासणीसाठीं मात्र सरकारी रुग्णालयांत जावें लागतें. तेथील डॉक्टर अपंगत्वाचें प्रमाण शेंकड्यांत लिहून देतात. हा आंकडा फार महत्त्वाचा, कारण बहुतेक सवलतींचें दार शेंकडा ४० ला उघडतें. काकांच्या कागदावर शेंकडा १०० असें आलें. बाहेर आल्यावर तें मीं वाचून दाखविलें, तेव्हां काका म्हणाले, "परीक्षेंत पैकीच्या पैकी मिळण्याची ही पहिलीच वेळ!"

२०२३ च्या ऑगस्टांत सर्व कागद घेऊन आम्ही तालुक्याच्या कचेरींत गेलों. समोरचा कारकून तरुण आणि सभ्य होता. त्यानें काकांना खुर्ची दिली, दाखला पाहिला, राज्यांत पंधरा वर्षें राहत असल्याचा पुरावा पाहिला, वय पाहिलें. मग त्यानें शिधापत्रिका उलगडली, उत्पन्नाचा दाखला तिच्या शेजारीं ठेवला आणि मान हलविली. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न त्या वेळीं ५० हजार रुपयांच्या आंत असावें लागे. आमच्या घरांत पेन्शन आणि दोन पगार येत होते. अर्ज बसत नव्हता.

काकांनीं विचारलें, "साहेब, ह्या कागदावर माझें स्वतःचें उत्पन्न किती लिहिलें आहे?"

कारकुनानें पुन्हां पाहिलें. "तुमचें? तुमचें शून्य."

"मग मी श्रीमंत कसा?"

त्या बिचाऱ्याजवळ ह्याचें उत्तर नव्हतें. "आजोबा, नियम कुटुंबाचा आहे," एवढेंच तो म्हणाला. परततांना रिक्षांत काका बराच वेळ गप्प होते. शेवटीं म्हणाले, "दादाजवळ पैसा आहे हें मला ठाऊक होतें. त्या पैशामुळें माझी शून्याची ओळदेखील पुसली जाते, हें आज कळलें."

अनुदानाचें स्वरूप

घरीं आल्यावर मीं ह्या विषयाचे कायदे व नियम वाचावयास घेतले. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व ह्या प्रसंगीं सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क राज्यानें आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेंत उपलब्ध करून द्यावा. हें मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारें न्यायालयांत दावा लावतां येत नाहीं. तरीही घटनाकारांनीं तेथें 'दया' असा शब्द न वापरतां 'हक्क' हा शब्द वापरला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

महाराष्ट्रांत संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालीं सुरू झाली. अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद, तसेंच विधवा, परित्यक्ता, दुर्धर रोगानें जर्जर झालेले अशा ६५ वर्षांखालील अनेक प्रकारच्या निराधारांचा तींत समावेश होतो. दरमहा ६०० रुपये ही रक्कम अनेक वर्षें चालली. २०१९ सालीं ती १,००० झाली आणि २०२३ सालीं १,५००. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना २००९ सालची. ती दारिद्र्यरेषेखालील आणि शेंकडा ८० वा अधिक अपंगत्व असलेल्यांनाच लागू होते. तींतील केंद्राचा वांटा आरंभीं २०० रुपये होता, २०१२ सालीं तो ३०० झाला, आणि पुढें दहा वर्षांहून अधिक काळ तेथेंच खिळून राहिला. त्या काळांत तूरडाळ आणि रिक्षाभाडें मात्र कोठें थांबलें नाहीं, हें गृहिणींस सांगावयास नको.

१९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ सालच्या दिव्यांगजन अधिकार कायद्यानें ते एकवीस केले. थॅलॅसेमिया, स्वमग्नता, कंपवात, ॲसिडहल्ल्यानें आलेली विद्रूपता हीं त्यांत आलीं. ह्या कायद्याचें २४ वें कलम सामाजिक सुरक्षेचें आहे. त्यांत एक नेमकी तरतूद आहे: इतरांस लागू असलेल्या तशाच योजनेंत जी रक्कम मिळते, तीहून अपंग व्यक्तीस निदान शेंकडा २५ अधिक द्यावी. कारण उघड आहे. दोन माणसें सारखींच गरीब असलीं, तरी ज्याला बाजारांत जावयास सोबती लागतो, किंवा चालावयास कुबडी लागते, त्याचा रुपया दुसऱ्याच्या रुपयाहून लौकर संपतो. असें असूनही महाराष्ट्रांत कित्येक वर्षें दोघांस एकच रक्कम मिळत राहिली. शेवटीं २०२५ च्या सप्टेंबरांत राज्य मंत्रिमंडळानें दिव्यांग लाभार्थींसाठीं दरमहा १,५०० चे २,५०० करण्याचा निर्णय घेतला. दिवसाचे सुमारें ८३ रुपये झाले. हे पुरेसे आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्याच्या हातीं कांहींच नव्हतें त्याला त्यांतून औषधाची चिठ्ठी सुटते, आणि मुख्य म्हणजे घरांत त्याचा शब्द थोडा वजनदार होतो.

मात्र उत्पन्नाच्या मर्यादेस ह्याच कायद्यानें मुभा ठेवली आहे. सरकारजवळ पैसा मोजका असतो. तो आधीं अत्यंत गरिबांच्या घरीं जावा, ह्यांत अन्याय नाहीं. माझी तक्रार मर्यादेविषयीं नसून मापाविषयीं आहे. सज्ञान माणसाची गरिबी त्याच्या भावाच्या पगारानें मोजली, तर तो माणूस कायद्याच्या दृष्टीनें जन्मभर कोणाच्या तरी घरांतील एक तोंड राहतो. स्वतंत्र व्यक्ति होत नाहीं.

निरंशक आणि भर्तव्य

हें माप सरकारनें कोठून आणलें असेल, असा विचार करतां करतां मला आपल्याच कपाटांतील जुन्या ग्रंथांची आठवण झाली. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागांत पंगु, जड, उन्मत्त, अंध इत्यादिकांविषयीं दोन शब्द आले आहेत: 'भर्तव्य' आणि 'निरंशक'. त्यांचें भरणपोषण करावें, परंतु त्यांस वडिलार्जितांत अंश नाहीं. मनुस्मृतींतही असाच नियम आहे आणि त्याबरोबर अशी ताकीदही आहे कीं, त्यांस यथाशक्ति अन्नवस्त्र न देणारा पतित होय. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनें हा नियम विस्तारानें सांगितला. त्यांच्या निर्दोष औरस पुत्रांस वांटा मिळे. त्यांस स्वतःस मिळत नसे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं ह्या माणसांना उपाशी ठेवलें नाहीं, हें खरें. पण त्यांना मालकही होऊं दिलें नाहीं. त्या काळच्या व्यवस्थेस तें योग्य वाटलें असेल. आज त्याचें समर्थन करण्याचें कारण नाहीं.

कायद्यानें तर हा नियम केव्हांच काढून टाकला आहे. १९२८ सालीं एक कायदा होऊन मिताक्षरेखालील हिंदु कुटुंबांत केवळ रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष ह्या कारणानें कोणासही वारसाहक्कांतून वगळतां येणार नाहीं असें ठरलें; जन्मतः वेड वा जडत्व असलेल्यांचा अपवाद तेवढा राहिला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमानें तोही अपवाद नाहींसा केला. म्हणजे कायद्याच्या पुस्तकांतून 'निरंशक' हा शब्द जाऊन किती तरी वर्षें लोटलीं. परंतु तो आपल्या माजघरांतून गेला आहे काय? मला तें पाहावयाचें होतें. आणि म्हणून मीं वडिलांच्या परवानगीनें घरचीं कागदपत्रें काढलीं.

वडिलांची वही

वडील हिशेबाचे अत्यंत चोख. त्यांच्या वहींत दोन गोष्टी सांपडल्या.

पहिली आयकराची. १९६१ च्या आयकर कायद्यांत ८०-डीडी नांवाचें एक कलम होतें. अवलंबून असलेल्या अपंग आप्ताचा सांभाळ करणाऱ्या करदात्यास त्यान्वयें आपल्या उत्पन्नांतून ठराविक रक्कम वजा करतां येई. २०१५-१६ ह्या वर्षापासून ती ७५ हजार, आणि अपंगत्व शेंकडा ८० वा अधिक असेल तर सव्वा लाख होती. अवलंबितांत भाऊ-बहिणीही धरल्या जात. वडील वर्षानुवर्षें काकांच्या नांवावर ही सूट घेत आले होते. काकांचा तो जुना कागदी दाखला मुळांत काढला होता तो ह्याच कामासाठीं! शेंकडा २० दरानें कर भरणाऱ्यास सव्वा लाखांवर वर्षाला २५ हजार रुपये वांचतात. काकांना अनुदान मिळालें असतें, तर तें त्या वेळच्या दरानें वर्षाचे १८ हजार झालें असतें.

ह्यांत वडिलांनीं गैर कांहींच केलें नव्हतें. सूट कायदेशीर होती आणि सांभाळाच्या खर्चासाठींच होती. नव्या करपद्धतींत ती मिळत नाहीं, ही गोष्ट वेगळी. पण "आपल्या घराण्यानें सरकारचा पैसा घेतला नाहीं" हें वाक्य मात्र खरें ठरलें नाहीं. आमच्या घरांत काकांच्या अंधत्वाबद्दल सरकारी साहाय्य येतच होतें. तें काकांच्या हातीं येत नव्हतें, इतकेंच. मीं हें वडिलांना दाखविलें, तेव्हां ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मला कधीं असें सुचलेंच नाहीं रे."

दुसरी गोष्ट घराची. आजोबा मृत्युपत्र न करतां वारले. त्यांनीं स्वतः बांधलेल्या ह्या घरावर पुढें दोघी आत्यांनीं दोन्ही भावांच्या नांवें हक्कसोडपत्र करून दिलें होतें. म्हणजे अर्धें घर काकांचें होतें, आणि मिळकतपत्रिकेवर त्यांचें नांवही होतें. रस्त्याकडेच्या दुकानाचें भाडें दरमहा ९ हजार रुपये येई. तें वडील घेत, घरांत खर्च करीत, पैपैचा हिशेब ठेवीत. काकांना तें ठाऊक नव्हतें. त्यांना कोणी फसविलें नव्हतें. त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. आणि आम्हां शिकल्यासवरल्या लोकांच्या घरांत हाच प्रकार अधिक संभवतो. तेथें प्रेमाचा दुष्काळ नसतो, पण हिशेब सांगण्याची गरज कोणास वाटत नाहीं.

त्याच आठवड्यांत वडील काकांस घेऊन बँकेंत गेले. दृष्टिहीन ग्राहकांस चेकबुकासह सर्व सोयी द्याव्यात, अशी रिझर्व्ह बँकेची २००८ सालापासूनची सूचना आहे. ती आम्हीं आधींच वाचून ठेविली होती, म्हणून खातें निर्वेधपणें उघडलें. दुकानाच्या भाड्याचा निम्मा भाग, दरमहा साडेचार हजार, त्यांत जमा होऊं लागला. मीं काकांना हिशेब करून सांगितला: वर्षाचे ५४ हजार. काका क्षणभर थांबले आणि मोठ्यानें हसले. "म्हणजे ५० हजारांच्या वरच कीं! त्या मुलानें अर्ज परत केला तें बरोबरच होतें. मी खरोखरच श्रीमंत निघालों!"

भावाच्या उत्पन्नावरून मिळालेला नकार ज्यांना इतका झोंबला, त्यांनीं स्वतःच्या उत्पन्नावरून मिळणारा नकार हसत स्वीकारला. माझ्या साऱ्या वाचनानें मला जें शिकविलें नाहीं, तें त्या हास्यानें शिकविलें.

आपल्या घरीं काय करतां येईल

वाचकांनीं आपापल्या घरीं पाहाव्यात अशा कांहीं गोष्टी येथें सांगतों. पहिली, दाखला व ओळखपत्र. घरांतील मूल वा वृद्ध 'थोडेंसें तसेंच' आहे म्हणून दाखला न काढणें ही लाज नव्हे, हानि आहे. पुढील प्रत्येक हक्काचें दार त्याच कागदानें उघडतें.

दुसरी, कुटुंब-निवृत्तिवेतन. आपल्यापैकीं अनेक घरांत कोणी ना कोणी सरकारी नोकरींत असतें. केंद्र सरकारच्या नोकरांच्या अपंगत्वामुळें स्वतःची उपजीविका करूं न शकणाऱ्या अपत्यास आईवडिलांमागून वयाच्या पंचविशीनंतरही हें वेतन मिळूं शकतें. राज्य सरकारच्या नियमांतही तशी तरतूद आहे. खाजगी नोकरींतील कर्मचारी-निवृत्तिवेतन योजनेंतही कायमच्या पूर्ण अपंग अपत्याचा विचार केला आहे. परंतु त्याची नोंद आईवडिलांनीं आपण हयात असतांनाच करून ठेवावी. मागाहून धांवपळ करावयास ज्याला जमत नाहीं, त्याच्याच डोक्यावर ती येते.

तिसरी, पालकत्व. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीस कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत आहे. त्यासाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालीं समिति असते. 'आमच्यामागें ह्याचें कसें होईल' ही चिंता ज्या आईबापांस झोंप येऊं देत नाहीं, त्यांनीं ती चिंता तेथें अर्जाच्या रूपानें नोंदवावी.

चौथी गोष्ट घराबाहेरची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अनुदानाचे खरे अधिकारी आपल्या घरांत नसले तरी उंबऱ्यापर्यंत रोज येतात. आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंचा मुलगा जन्मापासून चालूं शकत नाहीं. त्या बाईंस योजना ठाऊक होती; पण रुग्णालयांत एक दिवस, सेतु केंद्रांत दुसरा, तलाठ्याकडे तिसरा, असे चार-पांच दिवसांचे खाडे त्यांस परवडत नव्हते, आणि अर्जांतील शब्द वाचतां येत नव्हते. काकांच्या प्रकरणांत मला ह्या वाटा पाठ झाल्या होत्या. मीं अर्ज भरला. आईनें त्यांचे खाडे कापले नाहींत. चार महिन्यांनीं रक्कम जमा होऊं लागली. हें आमचें औदार्य नव्हे. ज्यांना अर्ज वाचतां येतो त्यांचें तें कर्तव्यच होय. आजही उत्पन्नाचा आंकडा, आधाराचा अंगठा आणि दरवर्षींचा हयातीचा दाखला ह्यांपैकीं एखाद्या ठिकाणीं अडून किती तरी लोकांचे पैसे थांबतात. आणि ज्याचें बोट झिजलें आहे वा नाहींच, त्याला अंगठ्याचा नियम कसा झोंबत असेल, ह्याची कल्पना करावी.

सरकारनें काय करावें हें सांगणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. मला त्यांत दोनच गोष्टी घालावयाच्या आहेत. सज्ञान अपंग व्यक्तीचें उत्पन्न मोजावयाचें तर तिचें स्वतःचें मोजावें. आणि अनुदानाची रक्कम महागाईशीं बांधून टाकावी, म्हणजे ती वाढविण्यासाठीं दर वेळीं मोर्चे-उपोषणें करावीं लागणार नाहींत. परंतु सरकारास नियम बदलावयास सांगण्यापूर्वीं आपल्या घरचा नियम आपण तपासला पाहिजे. सरकारनें काकांना आमच्या कुटुंबांत विरघळवून टाकलें असें मी म्हणतों खरें. पण तें काम साठ वर्षें आम्हींच आधीं केलें होतें.

२०२३ ची भाऊबीज नोव्हेंबरांत आली. आत्यांनीं पाट मांडले. आदल्या दिवशीं काका माझ्याबरोबर बँकेंत गेले होते आणि त्यांनीं स्वतः पैसे काढले होते. नोटा ओळखण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२० सालीं 'मनी' नांवाचें एक ॲप काढलें आहे. भ्रमणध्वनीपुढें नोट धरली कीं तो तिची किंमत बोलून सांगतो. काकांनीं रात्रीं खोलीचें दार लोटून घेतलें होतें, आणि आंतून पुनःपुन्हां त्याच यंत्राचा आवाज येत होता: पांचशें रुपये, पांचशें रुपये.

ओवाळून झाल्यावर वडील संवयीनें पुढें झाले, आणि मध्येंच थांबले. काकांनीं सदऱ्याच्या खिशांत हात घातला, एक घडी घातलेली नोट काढली, तबकाची कड चाचपली, आणि नोट तबकांत ठेविली. धाकट्या आत्यानें ती उचलून पदराच्या टोंकाला बांधली. ती नोट तिनें अजून मोडलेली नाहीं.